फोटोतली साडी
'आनंदी गोपाळ' (२०१९) मला आवडला, पण हा सिनेमा अमेरिकेत फार रमत नाही. माझं कुतूहल तिथूनच सुरू होतं. १८८५चा फिलाडेल्फियातला फोटो आठवा : जपानची केई ओकामी, सिरियाची साबात इस्लांबूली आणि कल्याणच्या जोशांची आनंदीबाई. तिघी वैद्यकीच्या विद्यार्थिनी, तिघी आपापल्या वेशात. तेव्हा तिथे मराठी मंडळं नव्हती. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं. साडी, भाषा, सगळं एकटीनं सांभाळायचं. पुढे तिची रक्षासुद्धा न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सीत, कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली. सिनेमात तिची जिद्द दिसते, हे एकटेपण निसटतं. किन्हवली सोडून मुंबईला गेल्यावर आठवडाभरात आपली बोली लपवायला शिकणाऱ्या आम्हा पोरांना नेमकं तेच पडद्यावर बघायचं होतं.