शाबासकीच्या पलीकडे

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण-तरुणी कागद आणि रंगपेटी बाजूला ठेवून टॅबलेटच्या काचेवर चित्रे काढू लागली आहेत. नाताळचा गोठा, क्रुसावरील ख्रिस्त, बाळाला कुशीत घेतलेली पवित्र मरिया हे त्यांचे आवडते विषय. चित्र पूर्ण होताच ते क्षणात अमरावतीहून अकोल्याला आणि तेथून पुण्या-मुंबईला पोहोचते. तितक्याच वेगाने उत्तरे येतात : ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘देव तुझे भले करो’. या उत्तरांमागे सद्भाव आहे, यात शंका नाही. परंतु त्यांत चित्राविषयी एकही शब्द नसतो. या नव्या चित्रांचा आणि त्यांना मिळणाऱ्या अभिप्रायांचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम चित्रांविषयी. संगणकीय चित्रकलेचे साधन समर्थ आहे, यात वाद नाही. चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांत रचता येते. चुकलेली रेषा तत्काळ मागे घेता येते. महागड्या तैलरंगांचा आणि कॅनव्हासचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांनाही मनसोक्त सराव करता येतो. परंतु सोयीबरोबर काही दोषही आले आहेत. काचेवरील चित्र हवे तितके मोठे करून पाहता येत असल्यामुळे चित्रकार पापणीचा केस न् केस रंगवतो आणि तितक्याच निगुतीने मागच्या भिंतीची वीटही रंगवतो. परिणामी सगळेच सारखे ठळक होते आणि नजर कोठे स्थिरावावी हे कळत नाही. बाळ येशूभोवती चकाकते तेजोवलय असते, पण त्याचा प्रकाश मरियेच्या हातांवर किंवा योसेफाच्या खांद्यावर पडलेला नसतो. तो प्रकाश चित्रात उगवलेला नसून वरून चिकटवलेला असतो. पडद्यावर झगमगणारे निळे-नारिंगी रंग स्मरणिकेच्या छपाईत शाईने उतरतात तेव्हा फिके पडतात, याचाही हिशेब आधी केलेला नसतो.

सर्वांत मोठा दोष पाहण्याचा आहे. ख्रिस्ताचा चेहरा युरोपीय छापील चित्रांवरून उचललेला असतो आणि गोठ्यावर बर्फ पडत असते. वऱ्हाडात ज्याच्या घरामागे बैलांची गव्हाण आहे, कडब्याची गंजी आहे, पलीकडे पऱ्हाटीचे शेत आहे, त्याने बर्फातला गोठा काढावा, याचा अर्थ त्याने गोठा पाहूनच काढलेला नाही.

हे त्याला कोणी सांगावयाचे? माझ्या मते, प्रथम त्याच्याबरोबर चित्रे काढणाऱ्यांनी. आपल्याच मातीतील एक उदाहरण येथे आठवते. हरि अंबादास गाडे यांचा जन्म १९१७ साली अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे झाला. विज्ञानाचे पदवीधर असलेला हा वऱ्हाडी माणूस १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी एक होता. उरलेले पाच म्हणजे गोव्याच्या साळगावचे कॅथलिक चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा आणि शिल्पकार सदानंद बाक्रे. आरा घरगडी म्हणून राबलेले, हुसेन सिनेमाचे फलक रंगवलेले. धर्म, भाषा, शिक्षण यांत एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. त्यांना एकत्र बांधले ते एकमेकांची चित्रे पाहण्याने आणि त्यांवर मनमोकळा वाद घालण्याने. पुढे प्रत्येकाची वाट वेगळी झाली. गाडे निसर्गदृश्याकडून अमूर्त रचनेकडे वळले, तर सूझांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनाची अस्वस्थ करणारी चित्रे काढली. चांगल्या समीक्षेने कोणी दुसऱ्यासारखा होत नाही. तो अधिक स्वतःसारखा होतो.

नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले रझा १९४८ साली काश्मीरमध्ये चित्रे काढीत होते. तेथे त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. त्यांनी चित्रे पाहिली आणि स्पष्ट सांगितले, की हात गुणी आहे, पण चित्रांत बांधणी नाही. त्यासाठी सेझानच्या चित्रांचा अभ्यास करावा. या अभिप्रायात तीन गोष्टी आहेत. गुणाची ओळख आहे, उणिवेचे नेमके नाव आहे आणि पुढची वाट आहे. रझांनी तो मनावर घेतला आणि १९५० साली ते पॅरिसला शिकावयास गेले. ‘छान’ एवढेच ऐकून ते परतले असते, तर?

परंतु समीक्षेची दुसरी बाजूही आपण कॅथलिकांनी विसरू नये. गोव्यात १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे शिकले आणि त्यांनी भारतीय वेशातील, साडी नेसलेली पवित्र मरिया रंगवली. गोव्यात तिच्यावर धार्मिक मंडळींकडून टीकेची झोड उठली. फोन्सेकांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घेतला आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत पुणे हेच त्यांचे घर राहिले. त्या टीकाकारांनी रेषा पाहिली नाही, रंग पाहिला नाही, मरियेच्या मुद्रेवरील प्रार्थना पाहिली नाही. त्यांनी फक्त साडी पाहिली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या घटनापत्रात स्पष्ट केले, की कोणतीही एकच कलाशैली ख्रिस्तसभेने आपली म्हणून स्वीकारलेली नाही. तोवर फोन्सेकांनी साठी गाठली होती. न पाहता केलेली स्तुती आणि न पाहता केलेली निंदा या सख्ख्या बहिणी आहेत. पहिली चित्रकाराला वाढू देत नाही, दुसरी त्याला घराबाहेर काढते.

या नव्या साधनात एक सोय मात्र अशी आहे, की तिचे मला विशेष मोल वाटते. मित्राने पाठविलेल्या चित्रावर एक रिकामा थर ठेवून त्यावर दुरुस्तीच्या रेषा काढता येतात. खांदा येथे हवा, प्रकाश या बाजूने यावा, हे शब्दांनी न सांगता काढून दाखवता येते. मूळ चित्राला धक्का लागत नाही. पटले तर ती रेषा स्वीकारावी, न पटले तर तो थर काढून टाकावा. भावाचा दोष प्रथम त्याला एकांतात दाखवावा, अशी ख्रिस्ताची शिकवण संत मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. चारचौघांत चित्राची टर उडवण्यापेक्षा अशी दुरुस्ती त्या शिकवणीच्या कितीतरी जवळची आहे. तिला वेळ द्यावा लागतो आणि वेळ देणे हे प्रेमाचेच एक रूप आहे.

आता चार शब्द लिहिताच यंत्राने तयार करून दिलेली चित्रेही आपल्याकडे फिरू लागली आहेत. ती गुळगुळीत असतात. परंतु हा हात येथेच का, ही सावली अशीच का, असे विचारले तर ती मागवणाऱ्याकडे बहुधा उत्तर नसते. जेथे कोणी निर्णयच घेतलेला नाही, तेथे समीक्षा करावी कोणाची? आपल्या मुलांची अडखळती रेषा मला म्हणूनच अधिक मोलाची वाटते. तिची चूकही त्यांची असते आणि सुधारणाही त्यांचीच असते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या पुनरुत्थानसणाला कलावंतांना उद्देशून खास पत्र लिहिले. ख्रिस्तसभेला कलेची गरज आहे, हे त्यांनी त्यात आवर्जून मांडले. ती गरज खरी असेल, तर कलावंताला आपण आपले डोळे दिले पाहिजेत. येत्या नाताळात घरातील मुलाने चित्र दाखविले, तर क्षणभर थांबावे. नजर प्रथम कोठे गेली, प्रकाश कोठून आला, हा गोठा त्याने कोठे पाहिला, एवढे तीन प्रश्न त्याला प्रेमाने विचारावेत. शाबासकी त्यानंतर द्यावी. तेव्हा तिला अर्थ असेल.