अविश्वासाचे निवेदन : ‘द रोड’मधील अनोळखी माणूस

कॉर्मक मॅकार्थी यांची ‘द रोड’ ही कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००७ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. महासंहारानंतर राखेने झाकलेल्या अमेरिकेतून एक बाप आपल्या लहान मुलाला घेऊन दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने चालत राहतो, एवढेच तिचे कथानक. संहाराचे कारण सांगितलेले नाही. बापलेकांना नावेही नाहीत. बाप म्हणजे अविश्वास आणि मुलगा म्हणजे करुणा, अशी विभागणी या कादंबरीच्या वाचनात सहज केली जाते. घटनांचा आधार तिला आहे. परंतु निवेदनरीतीचा विचार केल्यास ती अपुरी ठरते.

निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते बहुतांशी बापाच्या दृष्टीशी बांधलेले आहे. रस्त्यावर कोणी दिसले की तो किती अंतरावर आहे, त्याच्या हातात काय आहे, एवढेच वाचकाला कळते. अनोळखी माणसाच्या मनात निवेदक शिरत नाही. त्यामुळे वाचकही बापाइतकाच संशयी होतो, आणि एका घराच्या तळघरात खाण्यासाठी कोंडून ठेवलेली माणसे आढळल्यावर हा संशय त्याला सार्थ वाटू लागतो. प्रारंभी रिव्हॉल्व्हरमध्ये दोनच गोळ्या आहेत. वेळ आलीच तर त्या स्वतःसाठी. त्यांतील एक मुलाला पकडणाऱ्या परक्यावर खर्च होते. परक्यापासून बचाव करताना स्वतःच्या सुलभ मरणाची तरतूद निम्मी होते.

समुद्रकिनाऱ्यावरील प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. सर्व सामान चोरणाऱ्या माणसाला गाठून बाप त्याच्या अंगावरील कपडे आणि बूट काढून घेतो. गोळी झाडली जात नाही. मात्र त्या थंडीत ही शिक्षा मृत्यूचीच आहे. मुलाच्या रडण्यामुळे दोघे परत फिरतात, हाका मारतात आणि माणूस सापडत नाही म्हणून कपडे रस्त्यावर ठेवून येतात. आपण त्याला मारणार नव्हतो, हे बापाचे समर्थन मुलगा स्वीकारत नाही. चोराच्या बाजूने पाहिल्यास बाप हाच भयावह अनोळखी माणूस ठरतो, हे वाचकाला येथे टाळता येत नाही.

बापाच्या मृत्यूनंतर निवेदनाची दृष्टी मुलाकडे येते. बंदूक घेतलेला एक माणूस पुढे येतो. तो भला कशावरून, या मुलाच्या प्रश्नावर त्याच्यापाशी पुरावा नाही आणि तो तसे स्पष्ट सांगतो. त्याच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट उघड होते : या बापलेकांच्या मागे यावे की नाही, याचा त्याच्या माणसांतही खल झाला होता. म्हणजे भली माणसेही यांना भीत होती. ज्या संशयाने मुलाला जगवले, त्यानेच त्याला आधार देऊ शकणाऱ्यांना दूर ठेवले असावे, ही शक्यता कादंबरी खुली ठेवते.

हा शेवट आकस्मिक वाटतो, असा आक्षेप घेता येईल. कथानकापुरता तो रास्त आहे. परंतु बापाच्या दृष्टीला बांधलेल्या निवेदनात या माणसांची पूर्वसूचना मिळणे अवघड होते. मिळाली असती तर त्याने तीही धोका म्हणूनच वाचली असती. मुलगा पुराव्यावाचून त्या माणसाबरोबर जातो. तसे करण्याइतका तो जिवंत राहिला, याचे श्रेय मात्र बापाच्या सावधपणालाच द्यावे लागते. म्हणून अविश्वास आणि करुणा ही येथे दोन पात्रांत वाटून देता येत नाहीत.