पुरावा कोणाचा?

दलित जीवनावर आणि साहित्यावर आपल्या विद्यापीठांतून होणारे संशोधन आज संख्येने थोडे नाही. प्रश्न संख्येचा नाही. हे संशोधन पुरावा कशाला म्हणते, हा आहे.

खानदेशापुरते पाहू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली धुळ्यास वारले. त्यांचा संग्रह तेथील राजवाडे संशोधन मंडळाने जपला आहे. गावोगाव पायपीट करून त्यांनी कागद मिळविले. त्यांच्या कष्टांविषयी वाद नाही. पण कागद कोणाच्या घरी होते? देशमुख-देशपांड्यांच्या, कुलकर्ण्यांच्या. ज्यांना अक्षरच नाकारले, त्यांच्या वाड्यात दप्तर कुठून असणार? आणि तरीही गावच्या शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष प्रमाण धरली जाई. शीव कोठून जाते हे त्याला मुखोद्गत असे. म्हणजे कागदावर उतरलेल्या हद्दीमागेही पुष्कळदा निरक्षर माणसाचा शब्द होता. जमिनीसाठी चाललेला हा शब्द प्रबंधासाठी मात्र चालत नाही!

मी घरातला पहिला पदवीधर, चोपड्यास शिकवितो. वस्तीतील वृद्धांनी सांगितलेली गावकीची हकीकत एका समितीपुढे ठेवली, तेव्हा एकच विचारणा झाली: लेखी आधार काय? 1958 च्या कायद्याने महार वतन गेले. त्याआधीची वेठ अंगावर झेललेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. लेखी आधाराची वाट पाहत बसलो, तर साक्षीदारच उरणार नाहीत.

जळगावच्या विद्यापीठाला 2018 साली बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेवांनी आईची गाणी जपली, 1952 साली ती छापली गेली, म्हणून आज ती अभ्यासाला चालतात. घरात लिहिणारा मुलगा होता, एवढाच हा फरक. आमच्या वस्त्यांत तो मुलगा फार उशिरा आला. तो म्हणजे आपली पिढी.

ही अडचण बाबासाहेबांपुढेही होती. 1948 साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ लिहिताना, दुवे तुटलेले असतील तेथे अभ्यासकाने हात बांधून बसू नये, तर्काने ते सांधावेत, अशी भूमिका त्यांनी प्रस्तावनेत घेतली. पण त्यासाठी त्यांनी स्मृतिग्रंथ पिंजून काढले होते, हे विसरून चालणार नाही.

आपण मात्र काय करतो? 2010 च्या नियमांनी बढतीला गुणांची जोड दिली आणि पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. 2018 साली अनुदान आयोगाला आपल्याच यादीतून 4,305 नियतकालिके वगळावी लागली. त्या बाजारात आपलेही लेख होते. त्याच चार आत्मकथनांतील तेच उतारे, शेवटी तोच निष्कर्ष. याला संशोधन म्हणायचे काय?

तोंडी साक्ष म्हणजे सवलत नव्हे. ती कोणी, कोठे, केव्हा दिली ते नोंदवावे. दुसऱ्या साक्षीदाराशी ताडून पाहावे. विसंगती झाकू नये. सांगणाऱ्याची बोली शुद्ध करून तिचा जीव घेऊ नये. एवढे केल्यावर कोणी लेखी आधार मागितला, तर आपली टिपणवही पुढे करावी. लिहून ठेवलेला हाच पहिला आधार आहे.