मुलांचीं चित्रपुस्तकें व त्यांचा प्रकाशक

मराठी ग्रंथप्रकाशनाचा भूगोल फार काळ दोनतीन ठिकाणांत सामावलेला होता. गिरगांव, दादर आणि पुण्यांतील पेठा एवढें फिरून आलें म्हणजे लेखक, ब्लॉक करणारा, छापखाना व प्रकाशक हे सारे भेटत. चित्रकारालाही त्यांच्या आसपासच राहणें सोयीचें पडे; कारण मूळ चित्र हातानें नेऊन द्यावयाचें, ब्लॉक झाला कीं त्याचा ठसा तपासावयाचा, रंग बिघडला तर पुनः खेप घालावयाची, असा तो व्यवहार होता. आतां ती स्थिति राहिली नाहीं. हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचें स्थानक खांदेश्वर. तेथील महादेवाच्या नांवानें तें ओळखलें जातें, आणि सिडकोच्या आंखणींतून उभ्या राहिलेल्या त्याच्या भोंवतालच्या वसाहतींत मुंबईचा मध्यमवर्ग येऊन स्थिरावला आहे. तेथील एखाद्या दोन खोल्यांच्या घरांत बसून चित्रकाराला संगणकावर बत्तीस पानांचें पुस्तक चितारतां येतें, आणि तें घटकाभरांत देशांतील कोणत्याही छापखान्याकडे धाडतांही येतें. छापखान्याचें अंतर असें नाहींसें झालें. प्रकाशकाचें अंतर मात्र होतें तेवढेंच राहिलें. तें कां राहिलें, याचा विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे.

या प्रश्नाचें जें उत्तर प्रथम कानांवर येतें तें साधनासंबंधाचें. संगणकावरचें चित्र म्हणजे यंत्राचें चित्र, त्यांत हाताचा जिव्हाळा नाहीं, म्हणून जाणता प्रकाशक तें घेत नाहीं, असें कित्येकांचें म्हणणें असतें. हें म्हणणें इतिहासाच्या कसाला उतरत नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं पुण्यास चित्रशाळा काढली, तेव्हां शिळाछापाचें रंगीत चित्र ही नवलाईच होती. पुढें तीं चित्रें घरोघर भिंतींवर लागलीं. बंगाल्यांत उपेंद्रकिशोर रायचौधरी यांनीं मुलांसाठीं लिहिलेल्या रामायणांतील चित्रें लांकडी ठशांनीं बिघडविलीं. तेव्हां ठशाचा दोष चित्रकलेच्या माथीं न मारतां त्यांनीं १८९५ सालीं विलायतेहून सामग्री आणविली, हाफटोनची विद्या हस्तगत केली, आणि १९१३ सालीं ‘संदेश’ हें मुलांचें मासिक काढून ती कामीं लाविली. शिळा, ठसा, पडदा हीं सारीं साधनें होत. रेघ कोठें थांबवावी हें ठरविणारा डोळा संगणकापुढेंही माणसाचाच असतो.

तथापि या साधनाबरोबर आलेले दोष नाकारण्यांत अर्थ नाहीं. पहिला दोष सुकरतेचा. एकदां काढलेलें झाड दहा ठिकाणीं डकवतां येतें, एक चेहरा उलटा करून दुसरें मूल करतां येतें. त्यामुळें पुष्कळ पुस्तकांतील मुलें एकाच साच्यांतून काढल्यासारखीं वाटोळ्या डोळ्यांचीं दिसतात, आणि त्यांचें घर कोणत्याच गांवांतलें नसतें. मराठी घर म्हणून कौलें, ओसरी आणि विहीर काढावयाची, आणि ज्या मुलाच्या हातीं पुस्तक द्यावयाचें तें मात्र चौथ्या मजल्यावर, खिडकीच्या जाळीला वाळत घातलेल्या कपड्यांमधून बाहेर पाहत वाढत असतें! खांदेश्वरच्या मुलाला त्याची इमारत, तिचा जिना, स्थानकावरची सायंकाळची गर्दी किंवा देवळाजवळचें तळें पुस्तकांत क्वचितच भेटतें. दुसरा दोष छपाईच्या अज्ञानाचा. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, तो तांबड्या, हिरव्या व निळ्या किरणांनीं होतो. कागदावरचा रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या अशा चार शायांचा. पडद्यावर झळकणारा पोपटी कागदावर उतरतांना मलूल होतो. ज्यानें आरंभापासून शाईचा हिशेब ठेविला नाहीं, इंचास तीनशें ठिपक्यांची घनता सांभाळली नाहीं, कापणीसाठीं चोहों बाजूंस तीनेक मिलिमीटर रंग अधिक सोडला नाहीं, त्याचें काम परत आलें तर प्रकाशकास बोल लावतां येणार नाहीं.

याच्या उलट माधुरी पुरंदरे यांचीं पुस्तकें पाहावीं. त्यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत लेखन व चित्रें एकाच हातचीं आहेत, आणि दोहोंनीं काम वांटून घेतलें आहे. घरांतील माणूस कसा आहे हें शब्द थोडक्यांत सांगतात. तो कोठें बसतो, त्याच्या भोंवतीं कोणत्या वस्तु पडलेल्या असतात, हें चित्र सांगतें. शब्दांत आलेलें चित्रांत पुनः येत नाहीं, म्हणून मूल पान उलटण्याआधीं थांबतें. हीं चित्रें कोणत्या साधनानें काढलीं हा प्रश्न वाचकाच्या मनांत उद्भवतच नाहीं, हीच त्यांच्या यशाची खूण होय. पुरंदरे यांस २०१४ सालीं साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०१६ सालीं टाटा न्यासांनीं बालपुस्तकांसाठीं जो पुरस्कार नव्यानें सुरू केला, त्यांतील लेखकाचा मान त्यांस आणि चित्रकाराचा मान अतनु रॉय यांस मिळाला. लेखक व चित्रकार यांस एकाच व्यासपीठावर, एकाच मोलानें बसविण्याची ही रीति आम्हांस पुरस्काराहूनही महत्त्वाची वाटते.

आणखी एका गोष्टीचा निकाल येथेंच लावला पाहिजे. अलीकडे चार शब्द सांगितले असतां चित्र तयार करून देणारीं यंत्रें निघालीं आहेत, आणि त्यांच्यामुळें संगणकावर स्वतः चित्र काढणाराही संशयाच्या फेऱ्यांत सांपडला आहे. या दोहोंत भेद आहे. एका पानावर डाव्या हाताला असलेली जखमेची पट्टी पुढल्या पानावर उजव्या हाताला गेली, तर तें लहान मूल प्रथम ओळखतें. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका मुलाचा स्वभाव सांभाळणें हें चित्रकाराचें काम आहे; सुंदर चित्रांची रास म्हणजे पुस्तक नव्हे. चित्रकारानें आपल्या कच्च्या रेखाटनांच्या पायऱ्या जपून ठेवाव्या व मागितल्यास दाखवाव्या. तो संशयाला पुरेसा जबाब आहे.

आतां प्रकाशकाची बाजू. सोळा पानांचा एक फर्मा, असे दोन फर्मे, आणि प्रत्येक पानावर चारही शाया. ऑफसेट छपाईंत प्लेटांचा व यंत्र बसविण्याचा खर्च शंभर प्रतींस जेवढा, तेवढाच तीन हजारांस. म्हणून प्रती थोड्या काढल्या तर किंमत चढते, आणि पुष्कळ काढल्या तर त्या गोदामांत पडून राहतात. बत्तीस पानांच्या पुस्तकाला दीडशें रुपये म्हटले कीं, महिन्याच्या शिकवणीला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजणारे आईबाप पानें मोजूं लागतात. अशा स्थितींत प्रकाशक सावधगिरीनें वागला तर त्यास अरसिक म्हणणें अन्यायाचें होईल.

परंतु एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. खर्च भारी असूनही कांहीं ठिकाणीं उत्तम चित्रपुस्तकें निघतात, मग इतरत्र कां निघत नाहींत? आमच्या मतें याचें मूळ एका जुन्या संवयींत आहे. आपल्याकडे चित्र हें मजकुराचें भूषण मानलें गेलें. संपादक संहिता वाचतो, पसंत करतो, आणि मग चित्रकारास बोलावून अमक्या पानावर अमकें काढा म्हणून सांगतो. दलाल, मुळगांवकर यांच्यासारख्यांच्या बोटांत जादू होती म्हणून या पद्धतींतही नेत्रसुख पुष्कळ मिळालें. पण चित्र वाचणारा संपादक तिनें निर्माण केला नाहीं. आज खांदेश्वरचा चित्रकार चित्रांनींच बोलणारें पुस्तक घेऊन जातो, तेव्हां त्यांत मजकूर फारच थोडा आहे, हा अभिप्राय ऐकून परततो. त्याला नाकारलें गेलें याचें आम्हांस तितकें दुःख नाहीं. त्याचें पुस्तक वाचलेंच गेलें नाहीं, याचें आहे. म्हणून ज्याला प्रकाशक शोधावयाचा त्यानें चित्र वाचणारा संपादक शोधावा, असें आमचें सांगणें आहे.

तो ओळखावा कसा? त्या संस्थेचीं पांचपन्नास पुस्तकें उघडून पाहावीं. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या पुस्तकांत चित्राला असलेलें स्थान, नॅशनल बुक ट्रस्टची माफक किंमत व अनेक भाषांतील पसारा, चेन्नईच्या तूलिकेची बहुभाषिक पुस्तकें, भोपाळच्या एकलव्यचा शिक्षणाकडे असलेला ओढा, हीं सर्व निरनिराळीं प्रकृति दाखवितात. एकच जुडगें सर्वांस धाडणें म्हणजे पत्ता न लिहितां पत्र टाकणें होय. चित्रकाराच्या नांवाला मुखपृष्ठावर जागा मिळते कीं आंतल्या बारीक अक्षरांत, हें तर अवश्य पाहावें. मग बत्तीसही पानें रंगवून न पाठवितां साऱ्या पुस्तकाचा पेन्सिलींतला लहान नमुना, पूर्ण रंगविलेलीं दोनतीन जोडपानें आणि मजकूर निराळ्या कागदावर, एवढेंच पाठवावें. चांगला संपादक पानांचा क्रम बदलावयास सांगणारच. सारे रंग आधींच भरून ठेवणाराला तो बदल जिवावर येतो.

पुस्तक पसंत पडल्यावरची पायरी अधिक निसरडी आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढवून घेणारा ठरतो. फुटकळ लेखकाच्या मजकुराला असा नियम नाहीं. म्हणजे एकाच पुस्तकांत कथेची मालकी लेखिकेकडे राहावी आणि चित्रांची चित्रकाराच्या हातून जावी, असें घडूं शकतें! म्हणून करार लेखी असावा. हक्क देतांना मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असें एकोणिसावें कलम सांगतें. तें ध्यानांत ठेवून अनुवाद, पडद्यावरची आवृत्ति, खेळणीं व दिनदर्शिका यांचा स्पष्ट उल्लेख करावा. स्वतः होऊन पुस्तक रचून नेणाऱ्याची बाजू कायद्यांतही बळकट आहे, हें नवशिक्यांस सहसा कोणी सांगत नाहीं.

प्रकाशक मिळालाच नाहीं तर? इंग्लंडांत बिॲट्रिक्स पॉटर यांच्या ससुल्याच्या गोष्टीला प्रकाशकांनीं नकार दिला, तेव्हां त्यांनीं १९०१ च्या डिसेंबरांत स्वखर्चानें २५० प्रती काढल्या. पुढल्याच वर्षीं वॉर्न कंपनीनें तें पुस्तक रंगीत करून बाजारांत आणलें. आज थोड्या प्रती छापून देणारीं यंत्रें आहेत, तेव्हां हा मार्ग पूर्वीपेक्षां सोपा आहे. मात्र लेखकाकडूनच पैसे घेऊन प्रकाशक म्हणवणारांशीं त्याची गल्लत करूं नये. छापून देणें निराळें आणि प्रकाशन निराळें. प्रथम बुक्सनें २०१५ सालीं स्टोरीवीव्हर हें महाजालावरील भांडार खुलें केलें आहे. तेथील खुल्या परवान्याची पुस्तकें कोणीही वाचावीं, भाषांतरावीं, छापावीं. पोंच पाहिजे असणारास तें उत्तम द्वार आहे. परंतु खुलें दिलेलें चित्र परत आपल्यापुरतें करतां येत नाहीं, हें समजूनच तें द्यावें.

शेवटीं, प्रकाशकाला चित्र वाचावयास शिकविण्याचें काम कोणाचें? अर्धे टीकाकाराचें, अर्धे वाचकाचें. बालपुस्तकाच्या परीक्षणांत कथानकाला दहा ओळी आणि चित्रांस ‘समर्पक’ हें एक विशेषण, असा जो परिपाठ मराठी नियतकालिकांत पडला आहे तो मोडला पाहिजे. बालभारतीनें १९७१ पासून चालविलेल्या ‘किशोर’च्या अंकांतून कितीतरी चित्रकार आपल्या घरांत येऊन गेले, त्यांपैकीं चार जणांचीं नांवें कोणा सुशिक्षित गृहस्थानें आठवून पाहावीं. जो वाचक चित्रकाराचें नांव विचारून पुस्तक घेतो, तोच प्रकाशकास नवा चित्रकार घेण्याचें धैर्य देतो. आपल्या मुलांना आपल्याच भाषेंतील घर, माणसें आणि रस्ते पाहावयास मिळावे, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनीं दुकानांत पुस्तकाची पानें मोजूं नयेत. एक पान उघडून मूल त्यावर किती वेळ थांबतें तें पाहावें, आणि मग किंमत विचारावी.