गाळलेला हायवे

सायकलवरची मराठी प्रवासवर्णनं मी आवडीने वाचतो. पण बहुतेकांत एक टप्पा गाळलेला असतो: घरापासून शांत रस्त्यापर्यंतचा.

चिंचोटीचंच घ्या. इथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला कामण-भिवंडी रस्ता फुटतो. दोन्हींवर कंटेनर आणि ट्रेलर. शेजारी सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं तुंगारेश्वर अभयारण्य. त्याच्या उत्तरेने शिरसाड-पारोळमार्गे वज्रेश्वरीला जाणारा रस्ता त्यामानाने निवांत. पण शिरसाडपर्यंत जायचं ते हायवेनेच.

लेखक मात्र थेट पहिल्या चढापाशी उगवतो. शांतता जणू त्या डोंगराचा गुणच! प्रत्यक्षात ट्रक नाहीसे झालेले नसतात. ते कामणकरांच्या दारावरून जात असतात. आणि त्याच हायवेच्या कडेने कामावर जाणाराही सायकलच चालवतो, पण या लेखनात तो 'सायकलिस्ट' ठरत नाही. ज्याला रस्ता निवडता येतो, त्याचीच सायकल साहित्यात येते.

मला या लेखनातले पक्षी, धुकं, टपरीवरचा चहा नकोसे नाहीत. फक्त त्याआधीचा, हॉर्नच्या गलक्यातला तासही लिहा. तो वाचल्यावरच पुढच्या शांततेची किंमत कळते, आणि ती कोण मोजतं हेही.