ख्रिस्तपुराण : स्तुतीपलीकडे

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव निघाले की मराठीच्या थोरवीच्या ओव्या हमखास ऐकविल्या जातात, पुढचा ग्रंथ मिटलेलाच राहतो. ही आदराच्या वेषातील उपेक्षाच होय, असे आम्हांस वाटते. १६१६ साली प्रथम छापलेल्या या ग्रंथात सुमारे ११,००० ओव्या आहेत. जुनी पुराणे सोडलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांची श्रवणाची भूक भागावी, हा त्यामागील हेतू. म्हणूनच जुन्या करारावर ‘पहिले पुराण’ आणि नव्या करारावर ‘दुसरे पुराण’ रचले गेले.

ग्रंथाचा विस्तार मोठा. कोकणी वळणाची जुनी मराठी आज अडखळविते, हे खरे. शिवाय पुराण म्हणजे पवित्र शास्त्र नव्हे. ते बायबलकडे नेणारी वाट आहे. परंतु ही वाट श्रवणाची आहे, आणि तेच तिचे मोल.

कागलच्या परिसरात श्रावणात पोथी लागते : एकजण वाचतो, घर ऐकते, अर्थ उलगडतो. प्रायश्चित्त काळात आपणही रोज थोड्या ओव्या व त्यांमागील शुभवर्तमानातील उतारा वाचावा. ऐकलेली क्षमा दुसऱ्या दिवशी बांधाच्या वादात आठवली, तरच ते वचन अंगी लागले म्हणावयाचे.