लक्षण, हेतू आणि खटके : मोटोक्रॉसच्या पुढच्या शॉकअपविषयीच्या मार्गदर्शक गद्याची चिकित्सा

यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका हा समीक्षेचा विषय होऊ शकतो असे सहसा मानले जात नाही. ती गरजेपुरती वाचली जाते आणि गरज सरली की तेलकट बोटांचे ठसे घेऊन गॅरेजच्या फळीवर पडून राहते. तथापि उपदेशपर गद्य हाही गद्याचाच एक प्रकार आहे. त्याला स्वतःची रचना असते, आणि ती रचना वाचकाच्या विचाराला न कळत वळण लावीत असते. या दृष्टीने मोटोक्रॉसच्या दुचाकीचे पुढचे शॉकअप कसे जुळवावे व कसे राखावे हे सांगणारी प्रकरणे विशेष विचारार्ह आहेत. तळहाताला झालेली एक संवेदना स्क्रूच्या फिरण्यात रूपांतरित करणे, हे त्यांचे कार्य आहे. संवेदनेपासून कृतीपर्यंतचा हा प्रवास शब्दांच्या आधारे होतो. आणि शब्द संदिग्ध असेल, तर स्क्रूही चुकीच्या दिशेने फिरतो.

विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. माती, वाळू व चिखल यांतून, चढउतार आणि उड्या यांनी भरलेल्या बंदिस्त मार्गावर होणारी मोटोक्रॉसची शर्यत इंग्लंडमधील सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे १९२४ साली झालेल्या 'स्क्रॅम्बल'पासून सुरू झाली असे मानतात. तेलाच्या दमनाची दुर्बिणीसारखी सरकणारी नळी बीएमडब्ल्यूने १९३५ साली नियमित उत्पादनात आणली. परंतु खऱ्या अर्थाने क्रांती झाली ती १९७० नंतरच्या दशकात. बेल्जियन अभियंता ल्युसियन टिल्केन्स याच्या कल्पनेवर आधारलेली मागची एकच लांब स्प्रिंग घेऊन यामाहाच्या हाकान आंडरसनने १९७३ चे २५० सीसीचे जगज्जेतेपद मिळविले, आणि चाकाची वरखाली होण्याची मर्यादा पुढेमागे दोन्हीकडे झपाट्याने वाढत गेली. आज पुढच्या चाकाला सुमारे ३०० मिलिमीटर चाल मिळते. ही चाल जितकी वाढली, तितके तिचे नियमन अवघड झाले, आणि पुस्तिकेतील त्याविषयीचे प्रकरणही लांबत गेले.

या प्रकरणाचा गाभा म्हणजे दोन रकान्यांचे कोष्टक. डावीकडे तक्रार, उजवीकडे उपाय. 'पुढचा भाग कडक लागतो' याच्यासमोर 'दाबाचे दमन कमी करावे'. 'पुढचा भाग तळाला आपटतो' याच्यासमोर 'दाबाचे दमन वाढवावे'. वाक्ये आज्ञार्थी अथवा विध्यर्थी, कर्ता अध्याहृत, काळ नाही, स्थळ नाही. कोष्टकाचा हा संक्षेप हाच त्याचा गुण समजला जातो. वस्तुतः दोषाचे मूळही त्यातच आहे.

'कडक' हा शब्द घेऊ. तो चालकाच्या तळहाताविषयी काही सांगतो. शॉकअपच्या स्थितीविषयी काहीच सांगत नाही. एकच संवेदना निदान चार भिन्न कारणांनी उत्पन्न होते. पहिले कारण साधे: स्प्रिंग अथवा दाबाचे दमन खरोखरच जास्त आहे, नळी वरच्या वरच राहते, आणि नळीवर बांधलेली बारीक प्लॅस्टिकची पट्टी फेरीअखेर पाहिली तर बरीचशी चाल न वापरताच उरलेली दिसते. दुसरे कारण याच्या नेमके उलट आहे. स्प्रिंग चालकाच्या वजनाला अपुरी असेल, तर नळी सतत चालीच्या मध्यापाशी दबलेली राहते. नळीतील तेलावरची हवा तेथे आधीच आकुंचन पावलेली असल्यामुळे पुढचा प्रत्येक मिलिमीटर अधिकाधिक विरोध करतो. चालक म्हणतो कडक. शॉकअप मात्र मऊ असते. तिसरे कारण परतीच्या दमनाचे. ते अति असेल, तर एका उंचवट्याने दबलेली नळी पुढचा उंचवटा येण्यापूर्वी पुरती उलगडत नाही. उंचवट्यांच्या रांगेत ती पायरीपायरीने खाली बसत जाते. पहिला धक्का सौम्य, चौथा हाडांपर्यंत. चौथे कारण घर्षणाचे, आणि त्याचा कोणत्याही स्क्रूशी काडीचाही संबंध नाही.

आता कोष्टकाचा उपाय या चारही ठिकाणी लावून पाहावा. पहिल्या ठिकाणी आराम पडेल. दुसऱ्या ठिकाणी नळी आणखी खोल जाईल व कडकपणा वाढेल. तिसऱ्या ठिकाणी मूळ दोष तसाच राहून वर किंचित भर पडेल. चौथ्या ठिकाणी काहीच होणार नाही. चालक श्रद्धाळू असेल, तर तो स्क्रू आणखी सैल करील. कारण कोष्टकाने त्याला दुसरी वाटच दाखविलेली नाही. उडीनंतर उतरताना पुढचे चाक तळाला आपटले, तर हँडल हातातून सुटण्याचा धोका असतो हे लक्षात घेतले, म्हणजे हा केवळ शब्दांचा वाद नव्हे हे पटेल.

आपल्याकडील वैद्यकाच्या परंपरेत याच प्रश्नाचा विचार अधिक सूक्ष्मपणे झालेला आहे. निदानपंचकात हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत. दोन रकान्यांचे कोष्टक 'रूपा'वरून थेट चिकित्सेवर उडी घेते. हेतू व संप्राप्ती यांना तेथे जागाच नाही. त्याहून महत्त्वाचा गोंधळ उपशयाचा. रोगाचे स्वरूप गूढ असेल, तेव्हा एखादे औषध अथवा पथ्य देऊन त्याने बरे वाटते की वाईट यावरून रोग ओळखणे म्हणजे उपशय. दमनाचा स्क्रू दोन खटके फिरविणे ही क्रिया तत्त्वतः याच जातीची आहे. दोन खटके सैल केल्यावर कडकपणा वाढला, तर दुसऱ्या अथवा तिसऱ्या कारणाकडे बोट दाखविले गेले. काहीच फरक पडला नाही, तर घर्षण शोधावे लागेल. कोष्टक मात्र ही परीक्षा चिकित्सा म्हणून सांगते. परिणामी नकारार्थी उत्तर हाती आले असताही ते उत्तर आहे, हे वाचकाला कळत नाही.

'वेग' या शब्दाचीही अशीच गत आहे. 'मंद वेगाचे दमन' व 'शीघ्र वेगाचे दमन' असे शब्द या गद्यात सर्रास येतात, आणि नवखा वाचक तो वेग दुचाकीचा समजतो. प्रत्यक्षात तो नळीतील दांड्याचा वेग असतो. ताशी वीस किलोमीटर वेगाने जाताना धारदार दगड लागला तर दांडा विजेसारखा सरकतो. भरधाव वेगात हलकेच ब्रेक दाबला तर तो संथपणे सरकतो. बाहेरचा खटक्यांचा स्क्रू तेलाची एक छोटी वाट रुंद अथवा अरुंद करतो आणि त्याचा प्रभाव मुख्यतः संथ हालचालीवर पडतो. शीघ्र हालचालीचे नियमन आतल्या पातळ पोलादी चकत्यांची चळत करते. त्या वाकल्या म्हणजे तेलाला मोठी वाट मिळते, आणि त्यांत बदल करायचा तर नळी उघडावी लागते. ही सीमारेषा स्पष्ट न केल्यामुळे जे काम चकत्यांचे आहे त्यासाठी स्क्रू फिरवीत बसण्यात अनेकांचे दिवस जातात.

रचनेचा आणखी एक दोष प्रकरणांच्या विभागणीत आहे. 'जुळवणी' एका प्रकरणात, 'देखभाल' दुसऱ्यात, आणि दोहोंमध्ये बहुधा साखळी, ब्रेक व हवेची गाळणी. त्यामुळे आजारी यंत्राची जुळवणी करता येते असा समज दृढ होतो. चौथ्या कारणाचा, म्हणजे घर्षणाचा, सारा प्रपंच देखभालीच्या प्रकरणात दडलेला असतो. पुढचे चाक बसविताना एक्सल एका पायात घट्ट करून, चाक जमिनीवर टेकवून, ब्रेक धरून शॉकअप चारपाच वेळा दाबावे लागते. त्यायोगे दुसरा पाय एक्सलवर आपली नैसर्गिक जागा घेतो, आणि मगच त्या बाजूचे बोल्ट आवळायचे असतात. हे न केल्यास दोन्ही नळ्या परस्परांना समांतर राहत नाहीत व सरकताना अडखळतात. ट्रिपल क्लॅम्पचे खालचे बोल्ट ठरलेल्या मापाहून जास्त आवळले, तर बाहेरची नळी किंचित दबते आणि आतले बुश नेमक्या त्या जागी घासतात. मानेचे बेअरिंग, ज्याला गॅरेजमध्ये कोनसेट म्हणतात, सैल असेल, तर ब्रेक लावताना होणारा ठकठकाट शॉकअपच्या माथी मारला जातो. डस्ट सीलखाली वाळलेला चिखल ऑइल सीलची ओठासारखी कड उचलून धरतो. तेल गळू लागले की सील फाटलेच असे धरून ते बदलले जाते, वास्तविक पुष्कळदा पातळ फितीने ती कड साफ केली की गळती थांबते. यांतील एकही गोष्ट जुळवणीच्या कोष्टकात आढळत नाही.

तेलाच्या बाबतीत तर भाषाच फसवी आहे. डब्यावरचा 'पाच' अथवा 'दहा' हा आकडा निरनिराळ्या उत्पादकांच्या तेलांत सारखा दाटपणा दर्शवीलच असे नाही. तुलना करायची तर ४० अंश सेल्सियसला मोजलेले सेंटिस्टोकमधील माप पाहावे लागते. तेलाचे प्रमाण ही स्वतंत्र बाब. बाहेरच्या कक्षेत तेल वाढविले की हवेला उरणारी जागा कमी होते, आणि त्याचा परिणाम चालीच्या अखेरच्या भागात जाणवतो. आरंभीच्या भागात तो जवळजवळ नसतोच. म्हणजे तळाला आपटण्यावरचा एक नेमका उपाय देखभालीच्या प्रकरणात, तेल बदलण्याच्या सूचनांत दडलेला असतो. शिवाय नळीत साठलेली जादा हवा सोडताना पुढचे चाक अधांतरी हवे ही सूचना कित्येकदा तळटीपेसारखी येते. दबलेल्या स्थितीत हवा सोडली, तर नंतरचे सारे खटके खोट्या पायावर मोजले जातात.

या गद्याचे काही अधिक प्रगल्भ नमुने उपलब्ध आहेत हे मान्य केले पाहिजे. पॉल थीड व ली पार्क्स यांचे २०१० साली प्रसिद्ध झालेले शॉकअपविषयक पुस्तक स्प्रिंगचे बल, दमनाचे बल आणि घर्षण यांचा वेगवेगळा विचार करते. स्प्रिंग स्थितीवर अवलंबून, दमन वेगावर अवलंबून, हा भेद एकदा मनात ठसला की 'कडक' हा शब्द आपोआप संशयास्पद वाटू लागतो. रॉबर्ट पर्सिगने १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पुस्तिकांच्या लेखकांवर तटस्थ प्रेक्षकाच्या वृत्तीचा आरोप केला होता. तो मार्मिक आहे. पण अपुरा आहे. कोष्टकाचा लेखक यंत्राची मनापासून काळजी करणारा असला, तरी दोन रकान्यांत चार कारणे मावत नाहीत. प्रश्न वृत्तीइतकाच आकृतिबंधाचा आहे.

कारण दुचाकीच्या दुसऱ्या टोकालाही असू शकते, हेही कोष्टकाला सांगता येत नाही. चालक बसल्यावर मागचा भाग सुमारे १०० ते १०५ मिलिमीटर दबावा असा संकेत आहे. तो फारच कमी दबला, तर भार पुढे सरकतो आणि सरळ मार्गावर हँडल थरथरू लागते; फार दबला, तर पुढचे चाक हलके होऊन वळणात बाहेर पळते. दोन्ही तक्रारी पुढच्या चाकाच्या नावावर नोंदविल्या जातात.

या आकृतिबंधाचा मोह किती प्रबळ आहे, हे हवेच्या शॉकअपच्या प्रकरणात दिसून आले. २०१३ साली होंडाने आपल्या ४५० सीसीच्या मोटोक्रॉस दुचाकीत पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचा दाब योजला. वजन घटले, आणि स्प्रिंग बदलण्याऐवजी पंपाने एक आकडा बदलणे पुरेसे झाले. कोष्टकाच्या दृष्टीने याहून आदर्श यंत्र कोणते? परंतु हवा तापली की दाब चढतो, आणि दाब धरून ठेवणाऱ्या सीलचे घर्षण हलक्या धक्क्यांना जाणवते. २०१७ साली होंडा पोलादी स्प्रिंगकडे परतली. सुझुकी व कावासाकी यांनी पुढच्या दोन वर्षांत तेच केले. केटीएमने मात्र हवेचा मार्ग सोडला नाही, तेव्हा तत्त्वच चूक होते असे म्हणता येणार नाही. समजाची चूक अशी, की बदलण्यास सोपा आकडा म्हणजे समजण्यास सोपे यंत्र.

कोष्टकाला पर्याय म्हणून अनुभवी चालक रोजवही ठेवतात: दिनांक, मार्ग, जमिनीचा प्रकार, हवेचे तापमान, दोन्ही स्क्रूंचे खटके, क्लॅम्पमधून वर आलेल्या नळीचे माप. खटके मोजण्यासाठी स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि तेथून मागे मोजायचे. जोर केला, तर आतल्या सुईची बैठकच बिघडते. एका वेळी एकच बदल, हा या वहीचा नियम. गद्यप्रकार म्हणून रोजवही कोष्टकाहून श्रेष्ठ आहे, कारण तिच्यात काळ आहे. पण तीतही एक रकाना बहुधा नसतो: नळीतील तेल किती तास चालले आहे याचा. बेल्जियममधील लोमेलच्या वाळूत ताज्या तेलावर लिहिलेले खटके जुन्या तेलावर त्याच लोमेलला लागू पडत नाहीत.

मराठीत या विषयावर लिहिले जाईल तेव्हा हा दोष जसाच्या तसा उचलला जाऊ नये. गरज काल्पनिक नाही. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातच झाली. आपल्या गॅरेजच्या बोलीत यासाठी सामग्री आहे. 'स्प्रिंग बसली' हे वाक्य तळहाताविषयी नसून स्प्रिंगविषयी आहे. दबणे, उसळणे, आपटणे, अडखळणे ही क्रियापदे चालीच्या निरनिराळ्या अवस्थांना आपोआप चिकटतात. 'कडक' या एका विशेषणाऐवजी 'वरच्या वर दबतच नाही', 'मध्यावर बसून राहते', 'दबल्यावर उसळून येत नाही' आणि 'सरकताना अडखळते' अशी चार वाक्ये लिहिली, तर डावीकडचे एक घर चार घरांत विभागले जाते. त्यांतील अडखळण्याचे घर सर्वांच्या वर ठेवावे, आणि त्याच्यासमोर खटक्यांचा आकडा न देता एक्सलचे बोल्ट सैल करून, शॉकअप दाबून, पुन्हा आवळून पाहण्याची सूचना द्यावी.